पुढच्या आठवड्याचा अभ्यास कोण ठरवणार?

पालकहो, मी ओमानमध्ये इंग्रजी शिकवते. माझे विद्यार्थी बारावी होऊन कॉलेजात आलेले असतात, पण पहिल्या वर्षाच्या वर्गात अजून बसलेले नसतात. मधल्या या वर्षाला इथे फाउंडेशन म्हणतात. ओमानच्या सरकारी शाळांमध्ये गणित, विज्ञान, इतिहास सगळं अरबीतून होतं. कॉलेजात मात्र इंजिनिअरिंग, नर्सिंग, कॉमर्स, कॉम्प्युटर हे विषय बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून असतात. ती दरी या वर्षात भरून काढायची. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेलं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

या अरब मुलांच्या आईवडिलांशी माझं बोलणं होत असतं. प्रवेशाच्या दिवशी, निकालानंतर, कधी फोनवर. त्यांच्याशी जे बोलते तेच आज तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्यातले काही जण मस्कत, दुबई, दोह्याला राहतात आणि तुमची मुलं उद्या याच मुलांबरोबर काम करणार आहेत. पुण्यात राहणाऱ्यांनी येमेन, इराक, सुदानहून आलेले विद्यार्थी शेजारी पाहिलेले असतात. आधी इंग्रजीचा क्लास आणि मग कॉलेज, हा त्यांच्यातल्या अनेकांचा क्रम तुम्हाला माहीत असेल. पण तुमच्याशी बोलण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. या घरांमधून मला जे समजलं, ते कुठल्याही घराच्या उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

ते थोडक्यात सांगते. काय शिकायचं, कसं शिकायचं आणि ते जमलं की नाही, हे ठरवायचं काम हळूहळू मुलाच्या हातात गेलं नाही, तर कॉलेजचं इंग्रजी त्याला येत नाही. शिक्षक कितीही चांगले असोत, येत नाही.

आधी ही घरं कशी आहेत ते सांगायला हवं. 23 जुलै 1970 रोजी सुलतान काबूस गादीवर आले, तेव्हा अख्ख्या ओमानमध्ये 3 सरकारी शाळा होत्या आणि त्यांत 900च्या आसपास विद्यार्थी होते, सगळे मुलगे. सुलतान काबूस विद्यापीठ 1986 साली सुरू झालं. तोवर विद्यापीठात शिकायचं तर देश सोडावा लागायचा. म्हणजे आज माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या आजीला बहुधा अक्षरओळखही मिळाली नाही, आई शाळा शिकली, आणि नात नर्सिंगचं इंग्रजी पुस्तक उघडून बसली आहे. ज्या घरांनी इतक्या थोड्या काळात एवढी मजल मारली, त्या घरांत शिक्षकाला फार मान असतो. वडील येतात, छातीवर हात ठेवून सलाम करतात आणि म्हणतात, "टीचर, मुलगी आता तुमच्या स्वाधीन." हा विश्वास मला मोलाचा वाटतो. अडचण एवढीच की मुलगी ते ऐकत असते, आणि शिकण्याची जबाबदारी आता टीचरची, आपण फक्त वेळेवर हजर राहायचं, असा अर्थ ती त्यातून काढते.

एक प्रश्न बहुतेक वडील विचारतातच. "शाळेत बारा वर्षं इंग्रजी होतं. मग आता पुन्हा इंग्रजी कशाला?" प्रश्न रास्त आहे. 1998 साली इथे शालेय शिक्षणाची मोठी सुधारणा सुरू झाली आणि इंग्रजी टप्प्याटप्प्याने चौथीऐवजी पहिलीपासून आलं. शिवाय आजची मुलं मोबाइलवर जगभरच्या मुलांशी खेळतात, व्हिडिओ पाहतात. माझ्या वर्गातली काही मुलं इतकं सफाईदार बोलतात की पहिल्या दिवशी वाटावं, यांना मी काय शिकवणार? मग मी त्यांना दोन छोटे उतारे देते आणि सांगते, दोन्ही वाचून, दोघांचं कुठे जुळतं नि कुठे नाही ते एका परिच्छेदात तुमच्या शब्दांत लिहा. तासाभराने पान कोरं असतं, किंवा उताऱ्यातली वाक्यंच्या वाक्यं उचललेली असतात. बोलण्याचं इंग्रजी आणि अभ्यासाचं इंग्रजी यांत हा फरक आहे. अभ्यासाच्या इंग्रजीत दुसऱ्याचं म्हणणं समजून घेणं, त्यावर आपलं मत बनवणं आणि ते पुराव्यानिशी मांडणं येतं. हे फळ्यावर लिहून देता येत नाही.

शब्दांचा हिशेब मी पालकांसमोर कागदावर मांडून दाखवते, कारण तो पाहिला की वाद उरत नाही. मायकेल वेस्ट यांनी 1953 साली इंग्रजीतल्या नेहमीच्या वापरातल्या सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यापुढची पायरी म्हणून न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली दुसरी यादी काढली. शास्त्र असो, कायदा असो की वाणिज्य, सगळ्या शाखांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटणारी ही 570 शब्दकुळं. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी भरलेला असतो. आता वर्गात आठवड्याला 20 नवे शब्द घेतले तरी ही एक यादी संपायला 28-29 आठवडे लागतात, म्हणजे शिकवण्याचं जवळजवळ सगळं वर्ष. तेही पहिले 2000 शब्द पक्के असतील तर. शिवाय एका कुळात चार-पाच रूपं असतात, आणि एकदा भेटून शब्द कुणाचाच होत नाही, तो वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. वर्गाचे तास यासाठी कधीच पुरणार नाहीत. उरलेलं सगळं मुलाने संध्याकाळी, बसमध्ये, सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता करायचं असतं.

आणि प्रत्येकाला करायचं ते वेगळं असतं. हे मी जरा विस्ताराने सांगते, कारण इथेच मुलांवर नकळत अन्याय होतो.

अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. व्यंजनं दिसतात, स्वर वाचणारा स्वतः भरतो, संदर्भावरून. रोजच्या वर्तमानपत्रात, दुकानाच्या पाटीवर, वरच्या इयत्तांच्या पाठ्यपुस्तकात तसंच. लहानपणापासून अरबी वाचणाऱ्या मुलाची नजर त्यामुळे व्यंजनांवर पक्की बसते. तीच नजर घेऊन तो इंग्रजीकडे येतो, आणि फॉर्म, फार्म, फर्म हे तीन शब्द त्याला एकमेकांत मिसळून दिसतात. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं होतं की इंग्रजी शब्दातला एखादा स्वर गाळून दाखवला, तर अरबी भाषकांच्या नजरेतून ती चूक इतरांपेक्षा जास्त वेळा निसटते. शिवाय अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, तिच्यात मोठी-लहान लिपी असा भेद नाही, आणि वाक्यामागून वाक्य 'व' या अक्षराने जोडत जाणं हे तिच्यात चांगल्या लेखनाचं लक्षण मानतात. तोच मुलगा इंग्रजीत अर्ध्या पानाचं एक वाक्य लिहितो आणि लाल शाईने भरलेला कागद घरी नेतो. वडील म्हणतात, मुलगा निष्काळजी आहे. तो निष्काळजी नाही. आपल्या भाषेने लावलेली चांगली सवय तो दुसऱ्या भाषेत वापरतो आहे.

त्यातही सगळ्यांची घडण सारखी नाही. झांजिबारशी जुनं नातं असलेल्या घरांत स्वाहिली बोलतात, किनाऱ्यावरच्या अनेक घरांत बलुची. त्या मुलांना शाळेची अरबीसुद्धा शिकून घ्यावी लागलेली असते. एकाचे स्वर चुकतात, दुसरीचं स्पेलिंग उत्तम पण वाक्य संपत नाही, तिसऱ्याला सगळं येतं पण परीक्षेत वेळ पुरत नाही. पंचवीस जणांच्या वर्गात मी सगळ्यांना एकच औषध देऊ लागले तर ते कुणालाच लागू पडणार नाही.

म्हणून मी मुलांना स्वतःची चूक शोधायला लावते. स्वतःचे मागचे तीन निबंध समोर घ्यायचे. मी फक्त ओळीखाली खूण केलेली असते, दुरुस्ती केलेली नसते. प्रत्येक खूण बघून ही चूक कुठल्या जातीची, ते वहीत लिहायचं. तीन निबंधांत सर्वांत जास्त वेळा आलेली एकच चूक निवडायची. पुढचा निबंध लिहून झाला की तो मला देण्याआधी फक्त त्या एका चुकीसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. बाकी कशाकडे बघायचं नाही. दोन-तीन निबंधांत ती चूक कमी झालेली मुलाला स्वतःला दिसते, कारण मोजणारा तोच असतो. मग दुसरी चूक घ्यायची. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. "टीचर, तुम्हीच दुरुस्त करून द्या ना, तुम्हाला लगेच दिसतं." मला दिसून उपयोग काय? पुढच्या वर्षी प्रयोगवहीतलं इंग्रजी तपासून द्यायला मी त्यांच्या शेजारी नसणार.

आता पाठांतराविषयी. आखाती देशांतल्या शिक्षकांच्या खोल्यांमध्ये एक वाक्य सर्रास ऐकू येतं: अरब मुलांना फक्त घोकता येतं, स्वतःहून शिकता येत नाही. हे वाक्य मला पटत नाही, आणि माझ्या देखत कुणी बोललं तर मी ते खोडून काढते. कुराण तोंडपाठ करणारी मुलं माझ्या वर्गात असतात. कुणाला सगळं, 114 सूरा, कुणाला त्याच्या 30 भागांपैकी काही. ते कसं साधतं ते एकदा त्यांच्याकडून ऐकावं. पहाटेची वेळ ठरलेली. रोज नवं किती घ्यायचं ते आपल्या कुवतीप्रमाणे ठरवलेलं. नवं घेण्याआधी कालचं म्हणून बघायचं, आठवड्यापूर्वीचं म्हणून बघायचं, महिन्यापूर्वीचं वेगळ्या दिवशी. मित्राला म्हणून दाखवायचं, त्याने अडवायचं. अडलं तिथे खूण करायची. घरचे किंवा उस्ताद पाया घालून देतात, पण पुढे हा नेम वर्षानुवर्षं स्वतःचा स्वतः चालवावा लागतो. सोडला की निसटतं. यापेक्षा शिस्तीचं स्वयंअध्ययन मला दुसरं माहीत नाही.

एका मुलाला मी विचारलं, हीच पद्धत इंग्रजी शब्दांना लावलीस तर? तो आधी संकोचला. ते पवित्र पठण, आणि हा अभ्यास. मग म्हणाला, वेळ ठरवणं आणि जुनं पुन्हा बघणं यात गैर काही नाही. त्याने स्वतःचं वेळापत्रक केलं: रोज पाच नवे शब्द, प्रत्येक शब्द स्वतःच्या वाक्यात, आणि ठरल्या दिवसांनी जुने शब्द. हॉस्टेलमधल्या मित्राला तो वाक्यं ऐकवायचा आणि मित्र त्याला. ही पद्धत मी वर्गाला शिकवली नव्हती. ती त्याच्याकडे होतीच. तिला इंग्रजीच्या अभ्यासात जागा आहे, एवढं फक्त त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून पालकांना मी सांगते, मुलाची पाठांतराची सवय मोडू नका. फक्त ती तिथेच थांबू देऊ नका. हे मी पाश्चात्त्यांचं ऐकून बोलत नाही. ट्यूनिसला 1332 साली जन्मलेल्या इब्न खल्दून या थोर अरब इतिहासकाराने 1377 साली 'मुकद्दिमा' लिहिला. त्यात शिकण्याशिकवण्यावर बरंच लिहिलं आहे. मगरिबातले, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातले विद्यार्थी वर्षानुवर्षं गुरूंच्या बैठकीत गप्प बसतात, पाठांतरावर गरजेपेक्षा जास्त जोर देतात, आणि मग विषयावर बोलायची वेळ आली की तोकडे पडतात, असं त्याचं निरीक्षण आहे. विद्या अंगी मुरण्याचा सोपा मार्ग त्याने सांगितला तो चर्चेचा, प्रश्न विचारण्याचा, वाद घालण्याचा. मी हे सांगितलं की वर्गातल्या मुलांचे चेहरे बदलतात. स्वतःहून शिकणं हा परदेशी शिक्षकांनी आणलेला नवा हट्ट नसून आपल्याच मोठ्या माणसाने साडेसहाशे वर्षांपूर्वी सांगितलेली गोष्ट आहे, हे कळल्यावर ती मोकळी होतात.

त्याच इब्न खल्दूनने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती खास तुमच्या-आमच्यासाठी आहे. मुलांशी फार कडक वागलं की ती आळशी होतात, खोटं बोलायला लागतात आणि मनात एक, दाखवायला एक अशी वागतात. हे मी डोळ्यांनी पाहते. ज्या घरात गुणपत्रिकेवरून रागावणं होतं, त्या घरातला मुलगा निबंध विकत आणतो. तयार असाइनमेंट करून देणारी माणसं सगळीकडे आहेत, तुमच्याकडेही आणि इथेही. पैसे देणारे बरेचदा घरचेच असतात, आणि त्यांना ती मदत वाटते. मोठी बहीण लिहून देते, आतेभाऊ लिहून देतो. एकत्र नांदणारी मोठी कुटुंबं, एकमेकांसाठी धावून जाणारी माणसं. त्यांच्या मायेबद्दल मला काही बोलायचं नाही. पण या मदतीने मुलाच्या हातून त्याचा निर्णय काढून घेतला जातो. 2022च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि मदतीला घरच्या माणसांचीही गरज उरली नाही. त्यावर बंदी घाला असं मी सांगत नाही. मुलाला त्याचा निबंध वाचायला लावा आणि मग कागद बाजूला ठेवून त्यातलं म्हणणं तुम्हाला तोंडी सांगायला लावा. त्याचं असेल तर सांगता येईल.

इथे पालक म्हणतात, "टीचर, आम्हाला इंग्रजी येत नाही. आम्ही काय मदत करणार?" माझ्या पाहण्यात सर्वांत चांगली मदत केली ती इंग्रजी न येणाऱ्या एका आईने. मुलगी ओमानमधल्याच इब्रीकडची, हॉस्टेलवर राहणारी. आई रोज रात्री फोन करायची आणि दोन प्रश्न विचारायची. आज काय वाचलंस, आणि ते मला अरबीत सांग. किती गुण पडले, हे विचारायची नाही. मुलीला तो उतारा असा समजून घ्यावा लागायचा की शाळेत चार वर्षं गेलेल्या आईलाही कळावा. आई मधेच अडवायची, "असं का?" मुलीला उत्तर आलं नाही की ती पुन्हा पुस्तकाकडे जायची. वाचलेलं आपल्या भाषेत दुसऱ्याला समजावून सांगणं यासारखी आकलनाची कसोटी नाही, आणि ती घ्यायला परीक्षकाला इंग्रजी यावं लागत नाही. सत्राच्या शेवटी त्या मुलीच्या परिच्छेदात 'कारण' आणि 'त्यामुळे' हे दोन्ही व्यवस्थित येऊ लागले होते. आईने 'असं का' विचारून ते आणले होते.

वर्गात मी निर्णय एकदम सोपवत नाही, आणि तुम्हीही सोपवू नका. बारा वर्षं ज्याला प्रत्येक गोष्ट सांगून करायला लावली, त्याला एका सकाळी 'आता तुझं तू बघ' म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. पहिल्या महिन्यात मी दोन पुस्तकं पुढे ठेवते आणि एक निवड म्हणते. सोपी करून लिहिलेली, पातळीप्रमाणे असलेली गोष्टीची पुस्तकं. निवडलेलं आवडलं नाही तर दहा पानांनंतर परत करायची मुभा असते, फक्त का आवडलं नाही ते सांगायचं. पुढे कपाट उघडं. त्यापुढे आठवड्याचा आराखडा मुलाने लिहायचा: काय करणार, कधी करणार, झालं हे कशावरून ओळखणार. आणि सत्राच्या उत्तरार्धात निबंधाला आधी स्वतः गुण द्यायचे, मग मी देते, मग दोघांचे का जुळले नाहीत यावर बोलायचं. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्वतःचं काम स्वतः जोखता येत नाही तोवर माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहत राहतो.

शिकण्याचे निर्णय शिकणाऱ्याकडे देण्याच्या या विचाराची आधुनिक मांडणी फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठात झाली. तिथल्या आन्री ओलेक यांनी युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या, 1981 साली पुस्तकरूपाने आलेल्या पुस्तिकेत स्वतःच्या शिकण्याची सूत्रं हाती घेणं म्हणजे काय, ते निर्णयांच्या रूपात सांगितलं: उद्दिष्ट, आशय, पद्धत, वाटेतली देखरेख आणि शेवटचं मूल्यमापन. यांतला एकही निर्णय यंत्राने किंवा इमारतीने होत नाही. आखातातल्या कितीतरी कॉलेजांनी स्वयंअध्ययनासाठी छान वातानुकूलित दालनं बांधली, कॉम्प्युटर ठेवले. मुलाला काय शिकायचं ते ठरवता येत नसेल, तर तो तिथे हजेरीची सही करून बसतो. दालन चांगलंच आहे. मात्र ठरवायला शिकवणारं माणूस तिथे हवं.

आणि स्वतःहून शिकणं म्हणजे एकट्याने शिकणं नव्हे. ही गल्लत अरब पालकांना फार घाबरवते, कारण एकटं राहणं हे त्यांच्याकडे कौतुकाचं नाही. माझ्या मुली चार-पाच जणी मिळून अभ्यास करतात. कॉलेजची बस ठरल्या वेळी सुटते, हॉस्टेलच्या वेळा असतात, लग्नकार्याला गावी जायचं असतं. एकीने टिपणं काढायची, दुसरीने ती सगळ्यांना समजावायची, अशी त्यांची वाटणी असते. कुणी काय करायचं ते त्यांनी ठरवलेलं असतं. मला तेवढं पुरे आहे.

विषय मुलाने निवडला की काय होतं त्याचं एक उदाहरण. सत्राअखेरीस छोटा अहवाल लिहायचा असतो. एका मुलीने फलज हा विषय घेतला. फलज म्हणजे डोंगरातलं किंवा भूगर्भातलं पाणी उताराने गावात, खजुराच्या बागांत आणणारा ओमानचा पारंपरिक पाट. यातले 5 पाट 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, निझवा शहराचा दारिस हा पाट त्यांत आहे. इंटरनेटवर याची माहिती भरपूर आहे आणि ती उचलणं सोपं होतं. पण तिला गावातल्या पाण्याची वाटणी कशी होते ते लिहायचं होतं, आणि ते इंटरनेटवर नव्हतं. ती आजोबांकडे गेली. पाण्याचा वाटा वेळेच्या हिशेबाने मोजतात, पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत, हे तिने त्यांच्याकडून अरबीत लिहून घेतलं. कुठल्या घराचा वाटा किती वेळाचा, वाटा विकता येतो का, भांडण झालं तर कोण मिटवतं, हे प्रश्न तिचे तिला सुचले. मग ते इंग्रजीत कसं मांडायचं यासाठी ती माझ्याकडे आली. शब्द ती मागत होती: वाटप, हक्क, क्रम, तंटा. यांतले काही शब्द कॉक्सहेडच्या यादीत आहेत. यादीतून पाठ करायला दिले असते तर परीक्षेनंतर विसरली असती. इथे ते तिला हवे होते. अहवालात चुका होत्या, पण एकही वाक्य उसनं नव्हतं, आणि वर्गासमोर प्रश्नांना उत्तरं देताना तिने कागदाकडे पाहिलंच नाही.

फाउंडेशनची एखादी पातळी पुन्हा करावी लागली, तर इथल्या घरांत फार वाईट वाटतं. नातेवाईक विचारतात, मुलगा मान खाली घालतो. त्या दिवशी वडील मला विचारतात, "आता काय करायचं?" मी त्यांना सांगते, हा प्रश्न त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिल्यांदा तो 'जास्त अभ्यास करीन, इन्शाअल्लाह' म्हणेल. ते उत्तर मानू नका. कुठे कमी पडलो, त्याचा पुरावा काय, आणि त्यावर पहिले दोन आठवडे काय करणार, एवढं त्याच्या तोंडून येऊ द्या. दोन दिवस लागले तरी चालतील. वाचन कच्चं आहे, असं त्याने स्वतः पेपर पाहून सांगितलं, तर अर्धं काम झालं असं समजा. मी तेच सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि पुन्हा पहिल्यासारखंच केलं असतं.

तुमच्यातल्या ज्यांची मुलं यंदा मराठी माध्यमातून इंग्रजी पुस्तकांच्या वर्गात गेली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. क्लास लावा, गाइड आणा, त्याला माझी हरकत नाही. पण या रविवारी मुलाला किंवा मुलीला कागद-पेन घेऊन बसवा आणि पुढच्या आठवड्याचा इंग्रजीचा अभ्यास तिचा तिला ठरवू द्या. थोडा ठरवला तरी चालेल, तुम्हाला वाटतो तो नसला तरी चालेल. आठवडाभर आठवण करून देऊ नका, दुरुस्तीही करू नका. पुढच्या रविवारी तोच कागद समोर ठेवा आणि यातलं काय झालं, काय राहिलं, का राहिलं, ते तिच्याकडून ऐका. मराठीतच ऐका.